निकिताला देऊ नका

१

रेश्मानं हातातली पिशवी मॅडमच्या टेबलावर उपडी केली. आतून उंदराच्या औषधाची ट्यूब घरंगळत आली आणि रक्ताच्या रिपोर्टांना टेकून थांबली.

“काल आईचे कपडे आणायला वस्तीवर गेले होते. हे भावजयीच्या कपाटामागं सापडलं,” रेश्मा म्हणाली. “माझ्या आईला विष घालतीय ती.”

‘ती’ म्हणजे रेश्माची भावजय निकिता. आणि आई म्हणजे माझ्या वॉर्डातल्या सात नंबरच्या खाटेवरच्या झुंबरबाई. वय सत्तावन्न, राहणार तिसगावजवळची वस्ती. डोळे पिवळेजर्द, आणि कालपासून धड शुद्ध नाही, धड बेशुद्धही नाही.

मी रूथ साळवे. नगरच्या एका धर्मादाय इस्पितळात सिस्टर आहे, आणि गेली एकोणीस वर्षं डॉ. मेहताब सय्यद यांच्या हाताखाली आहे. मॅडमचं संशोधन एकाच गोष्टीवर आहे: औषधानं बिघडणारं लिव्हर. माणूस बरं व्हायला काहीतरी घेतो आणि हजारात एखाद्याला तेच बाधतं. कुणाला, कशानं, किती दिवसांनी, हे त्या जिल्ह्यातल्या एकेका रुग्णापाशी बसून लिहून काढतात. त्यांचे अब्बा क्षयाच्या गोळ्या चालू असताना पिवळे पडले होते. गोळ्या थांबवा, असं सांगणारं तेव्हा घरात कुणी नव्हतं. मॅडम तेव्हा अकरावीत होत्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय.

मॅडमनी ट्यूब उचलून खिडकीच्या उजेडात धरली. “रेश्मा, हिचं सील शाबूत आहे. ही कुणी उघडलेलीच नाही.”

“मग दुसरी असंल. मॅडम, तुम्हीच बघा ना. आई जानेवारीत घरी होती, फेब्रुवारीत कावीळ झाली. इथं आणली, बरी झाली. तिथून माझ्याकडं नागापूरला महिनाभर राहिली, ठणठणीत. वीस मार्चला घरी गेली आणि आठ दिवसांत पुन्हा हे! घरात तिला वाढणारं दुसरं कोण हाय? आणि काल तर आई स्वतःच बोलली.”

“काय बोलल्या?”

“म्हणाली, ‘निकिताला देऊ देऊ नका.’ तिच्या हातचं मला देऊ देऊ नका, असंच ना?” रेश्माचा आवाज चिरकला. “उद्या सकाळी हवालदार जबाब घ्यायला येणारेत. मी निकिताचं नाव सांगणार.”

ती गेली.  घरी गेलं की आजार, घर सोडलं की आराम. रेश्माच्या बोलण्यात फट सापडत नव्हती. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा निकिताच वाटत होती.

२

झुंबरबाईंचा मुलगा अजिनाथ बाहेर बाकावर बसला होता. नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, सोमवार ते शनिवार बहिणीच्या घरी मुक्काम, रविवारी वस्तीवर. दोन दिवसांची दाढी वाढलेली. बायको खरी की बहीण, हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

“आई कुठलं औषध घ्यायची?” मॅडमनी विचारलं.

“कायबी न्हाई, मॅडम. मागच्या टायमालाबी तुमी इचारलं हुतं. आईनंच सांगितलं, औषध घेत न्हाई म्हनून.”

“सासू-सुनेचं पटतं?”

“लई पटतं. म्हंजे...” तो अडखळला. “लग्नाला सहा वर्षं झाली. पोरबाळ न्हाई. भावकीतले म्हनत्यात दुसरी कर. आईनं त्या सगळ्यांना दारातनं परत लावलं. निकिताला शब्दानं बोलली न्हाई कधी. आता रेश्माताई म्हनती तसं निकितानं का करावं, मला तर कळंनाच.”

आम्ही मॅडमच्या खोलीत परतलो. काविळीच्या सगळ्या विषाणूंच्या तपासण्या दोन्ही वेळा निरंक आल्या होत्या. सोनोग्राफीत खडा नव्हता. दारूचा प्रश्नच नव्हता.

“रूथ,” मॅडम म्हणाल्या, “काल त्या बोलल्या तेव्हा तू खाटेपाशी होतीस ना?”

“सलाईन बदलत होते.”

“नोंद केलीस?”

मी सवयीनं सगळं लिहिते. वही काढून त्यांच्यापुढे धरली. ‘दुपारी ३.१०. रुग्ण अस्वस्थ. दोनदा बोलली: निकिताला देऊ नका.’

मॅडमनी ती ओळ बोटानं दाखवली. “रेश्मा म्हणाली, ‘देऊ देऊ नका.’ तू एकच ‘देऊ’ लिहिलंयस.”

“एकच होतं, मॅडम. दोन्ही वेळा.”

“नक्की?”

“त्यांच्या तोंडापाशी कान होता माझा.”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. “मग अर्थ उलटाच झाला. निकिताच्या हातून मला काही नको, असं त्या म्हणत नव्हत्या. निकिताला काहीतरी मिळू नये, असं म्हणत होत्या.”

“दागिने असतील. घर असेल. सासवा म्हणतात असं.”

“जीव घाबरा झालेला असताना?” मॅडमनी गाडीची किल्ली घेतली. “त्यांना भीती वाटत होती, रूथ. रागानं नव्हत्या बोलत त्या. निकिताला काय मिळू नये, ते तिच्या घरात असणार. चल.”

३

दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही वस्तीवर पोहोचलो. सोबत गावच्या आरोग्यसेविका, आशाताई छबूबाई होत्या. तिसगावच्या फाट्यावर आमची वाट बघत थांबल्या होत्या. पुढं गोठा, मागं दोन खोल्यांचं घर. निकिता दारात उभी होती. सत्तावीस-अठ्ठावीसची, डोळे सुजलेले.

“पोलीस आलेत का?” तिनं पहिला प्रश्न हाच विचारला.

“नाही गं. आम्ही चहा प्यायला आलोय,” मॅडम म्हणाल्या आणि सरळ चुलीजवळच्या पाटावर जाऊन बसल्या.

मॅडम नव्या डॉक्टरांना एक गोष्ट नेहमी शिकवतात. ‘औषध घेता का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर लोक त्यांच्या समजुतीनं देतात. ‘तोंडात काय काय गेलं’ असं विचारा. तसंच त्यांनी निकिताला विचारलं. निकितानं सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या भाकरीपर्यंत सगळं सांगितलं. “आमी दोघी एकाच ताटात जेवतो, मॅडम. त्यांना वेगळं कायबी करीत न्हाई मी. विष घातलं असतं तर मलाबी झालं असतं की.”

“रेश्माला हे सांगितलंस?”

“आयकून घ्यायला पायजे ना कुनी. अठ्ठावीस तारखेला दवाखान्याच्या दारातनंच परत लावलं मला. आईंचं तोंडसुद्धा बघू दिलं न्हाई.” ती पदरानं नाक पुसत राहिली.

मी भिंतीकडे बघत होते. तिथं नेहमीचंच कॅलेंडर टांगलं होतं. मार्चचं पान वर होतं आणि तीन तारखांच्या चौकोनांत लाल ठिपके होते: बावीस, तेवीस, चोवीस.

“हे दुधाचे का?” मी विचारलं.

“काय म्हाईत. आईंनीच दिल्यात. मी कधी इचारलं न्हाई.”

“तुम्ही दूध विकत घेता?” मॅडमनी मान वळवली.

“न्हाई वो! आमच्याच तीन गाया हायेत. डेअरीला घालतो. किती घातलं त्याचा मेसेज मोबाईलवर येतो.”

“मग गाय गाभण राहण्यासाठी भरवल्याची तारीख?”

“ती मी पेननं लिहिते. हे बघा ना, हितं.” निकितानं अकरा तारखेखालची निळी अक्षरं दाखवली. मग तिचं बोट लाल ठिपक्यावर थांबलं. “हे तर कुंकू हाय.”

मॅडमनी खिळ्यावरून कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. फेब्रुवारीचं पान उलटलं. ते कोरं होतं. जानेवारीचं उलटलं.

पाच तारखेपासून पंचवीस तारखेपर्यंत, एकही दिवस न चुकता, कुंकवाचे एकवीस ठिपके होते.

मागं छबूबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

४

“मॅडम,” छबूबाई हळूच म्हणाल्या, “हे तुमीच सांगितलं हुतं.”

“मी?”

“दिवाळीच्या आधी शाळेत बायांची मीटिंग घेतली न्हवती का तुमी? गोळी असू द्या, काढा असू द्या, पुडी असू द्या, ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी कॅलेंडरवर टिंब द्या म्हनला. म्हंजे काय झालंच तर डॉक्टरला दाखवता येतं. झुंबराक्का पुढंच बसली हुती.”

 अशा मीटिंगा मॅडमनी सत्तर-ऐंशी गावांत घेतल्या असतील. परतीच्या वाटेवर त्या दर वेळी म्हणायच्या, कुणी देत नाही गं टिंबं. आता त्या पानावरून त्यांचं बोट सावकाश फिरत होतं.

“ऐका,” त्या म्हणाल्या. “एकवीस दिवस काहीतरी घेतलं. पंचवीस जानेवारीला संपलं. दोन फेब्रुवारीला डोळे पिवळे झाले. औषधानं लिव्हर असंच बिघडतं, लगेच नाही, काही आठवड्यांनी. म्हणून कुणाला संशय येत नाही. मग इस्पितळ, मग नागापूर. तिथं टिंब नाही आणि त्रासही नाही. वीस मार्चला घरी. बावीस, तेवीस, चोवीस पुन्हा घेतलं आणि या वेळी तीन दिवसांतच शरीर कोलमडलं. दुसऱ्या वेळी ते असंच झपाट्यानं येतं. घर बाधत नव्हतं त्यांना. घरात ठेवलेली एक वस्तू बाधत होती.” त्यांनी निकिताकडे पाहिलं. “आणि ती वस्तू तुझी आहे. म्हणून त्या म्हणत होत्या, निकिताला देऊ नका. काय आहे ते, बाळा?”

निकिता उठली. ती आतल्या खोलीत गेली आणि डाळीच्या डब्यामागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत कागदाच्या लहान लहान पुड्या होत्या.

“पोर व्हावं म्हनून,” ती खाली मान घालून म्हणाली. “आईंनी डिसेंबरात बाजारातनं आनल्या, छगन वैदूकडनं. एकवीस दिवस घ्यायच्या, थांबायचं, पुन्हा एकवीस. घरात कुनाला सांगायचं न्हाई, भावकीला कळलं तर आणीक बोलत्याल. पर आई देईचनात. आज देते, मग मुहूर्त बघून देते, करत राहिल्या.”

“त्या मुहूर्त बघत नव्हत्या,” मॅडम म्हणाल्या. “आधी स्वतः घेऊन बघत होत्या. आपल्याला काही झालं नाही तरच तुला द्यायच्या.”

निकितानं डबा मॅडमपुढं सरकवला. छबूबाईंनी तिला जवळ घेतलं.

मॅडम मात्र पुड्या मोजत होत्या. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. “दोन वेळच्या मिळून बेचाळीस. झुंबरबाईंनी घेतल्या चोवीस. अठरा उरायला हव्यात.” त्यांनी वर पाहिलं. “इथं चौदा आहेत. बाकीच्या चार कुठं गेल्या, निकिता?”



“मी घेतल्या,” ती म्हणाली. “दवाखान्यातनं हाकलल्यापासनं. रोज एक. वाटलं, पोर झालं तर तरी ह्या घरात ठेवून घेतील मला.”

५

मॅडमनी तिला पाच मिनिटांत गाडीत बसवलं. डबा माझ्या मांडीवर होता. तिसगावात गाडी थांबवून मॅडम छगनच्या दुकानात शिरल्या. निकिताला छबूबाईंपाशी ठेवून मीही मागोमाग गेले.

दुकान म्हणजे पत्र्याची टपरी; मुळ्या, साली, बरण्या. छगन साठीचा, बारीक अंगाचा. पोलिसांना भिऊन तो काही कबूल करणार नाही, असं मला वाटलं होतं. मॅडमनी पुडी पुढं ठेवली आणि झालं ते सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, दोषही दिला नाही.

“मॅडम, ही मुळी माझा बाप देत हुता. कुनाला कवा बाधली न्हाई,” तो म्हणाला. “पर पयले आमी सोता डोंगरातनं आनायचो. आता गुडघे चालंनात. दोन वर्षं झाली, तयार भुकटी मागवतो भायेरनं. पोत्यावर नाव त्येच असतं.”

“दोन वर्षांत किती जणींना दिली?”

 तो टपरीच्या मागच्या पडद्याकडे बघत राहिला. पडद्याआड कुणीतरी भांडी घासत होतं.

“मागच्या साली माझ्या सुनेला कावीळ झाली,” तो म्हणाला. “महिनाभर अंथरुणात हुती. आमाला वाटलं, पान्यानं.” त्यानं समोरची पुडी उचलून मुठीत धरली. “मीच दिलती तिला. मीच माझ्या हातानं.”

मॅडम स्टुलावर बसल्या. अब्बांची गोष्ट त्यांनी त्या माणसाला सांगितली. मला सांगायला त्यांना बारा वर्षं लागली होती. त्याला पहिल्या भेटीत सांगितली. शेवटी म्हणाल्या, “गोळ्या देणारा डॉक्टर वाईट नव्हता, छगनभाऊ. त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत झालंय. नावं सांगा.”

त्याला सगळी पाठ होती. अकरा बायका, नऊ गावं. मी लिहून घेतली. पोतं त्यानं स्वतः उचलून आमच्या डिकीत ठेवलं.

नगरला पोहोचलो तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती. निकिताचं रक्त तपासायला दिलं. तासाभरानं रिपोर्ट आला आणि मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

“वाढलंय का?” मी विचारलं.

“थोडं वाढलंय. इथंच ठेवून घेऊ, लक्ष ठेवायला; आणखी आठ-दहा दिवस घेत राहिली असती तर हिचीही सासूसारखीच गत झाली असती.”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आले. मॅडमनी त्यांच्यापुढे तीन गोष्टी मांडल्या: कॅलेंडर, पुड्यांचा डबा आणि माझी नोंदवही. रेश्मा ऐकत होती. वहीतली ओळ तिनं दोनदा वाचली.

“मी एक शब्द जास्तीचा ऐकला,” ती म्हणाली. “मला तोच ऐकायचा होता.”

तिनं जबाबात निकिताचं नाव घेतलं नाही. हवालदार गेल्यावर ती निकिताच्या खाटेपाशी गेली आणि नुसती उभी राहिली. निकितानं तिच्याकडे पाहिलं नाही. दुपारी रेश्मा पुन्हा आली, संध्याकाळी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी निकिता म्हणाली, “बसा आता. पाय दुखतील.”

झुंबरबाईंना पुरती शुद्ध यायला सहा दिवस लागले. तोवर छबूबाई आणि इतर गावांतल्या आशाताईंनी अकराच्या अकरा बायका गाठल्या होत्या. दोघींचं लिव्हर बिघडायला लागलं होतं. दोघीही वेळेत सापडल्या. प्रयोगशाळेचा रिपोर्ट पुढं महिन्याभरानं आला: पोत्यावर नाव होतं ती मुळी आत नव्हतीच, भलत्याच झुडपाची भुकटी होती. मॅडमनी वर कळवलं. त्या मालाची चौकशी अजून चालू आहे.

झुंबरबाई उशीला टेकून बसल्या तेव्हा मॅडमनी विचारलं, “मागच्या वेळी मी तुम्हाला विचारलं होतं, औषध घेता का. तुम्ही नाही म्हणालात.”

“माझं कुठं हुतं ते? औषध पोरीचं हुतं. म्या आपलं घेऊन बघितलं.” त्या थांबत थांबत बोलत होत्या. “पयल्यांदा एकवीस दिस कायबी झालं न्हाई. मग कावीळ झाली. वाटलं, पान्याची असंल. पर मनात आलं, पुडीचीच असंल तर? मग पुन्यांदा घेतली. तिसऱ्याच दिशी मळमळाया लागलं, तवा कळलं. सांगनार हुते निकिताला. पर डोकं जड जड झालं आन् मंग काय आठवंना.”

मॅडम मला नंतर म्हणाल्या, “संशय आलेलं औषध माणसाला पुन्हा देऊन बघायची परवानगी जगात कुणालाच नाही, रूथ. खात्री करायचा तोच पक्का मार्ग आहे आणि तोच आम्हाला बंद आहे. त्या बाईनं तो स्वतःवर केला आणि तारखाही ठेवल्या.” त्यांचे डोळे भरून आले होते.

पण त्या क्षणी वॉर्डात निकिता खाटेच्या पायथ्याशी उभी होती आणि रागानं लालबुंद झाली होती. सहा वर्षांत सासूपुढं आवाज न चढवलेली मुलगी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली. “कुनी सांगितलं हुतं तुमाला? पोर न्हाई झालं तर न्हाई! मला तुमी पायजे हुत्या का पोर पायजे हुतं, इचारलं का मला? एकदा तरी इचारलं?”

झुंबरबाई ऐकून घेत राहिल्या. मग हात पुढं करून म्हणाल्या, “चुकलं माझं. ये, बस हितं.”

निकिता बसली आणि त्यांच्या मांडीत तोंड खुपसून रडली. अजिनाथ दोघींकडे बघत दाराशी उभा होता.

“अजिनाथ,” मॅडम म्हणाल्या, “निकिताच्या तपासण्या झाल्यात?”

“व्हय. दोन ठिकानी. समदं बराबर हाय म्हनले.”

“आणि तुझी?”

“माझी?” तो इकडे तिकडे बघायला लागला. “माझी कशाला?”

 रेश्मानं भावाकडे पाहिलं. निकितानं डोकं वर केलं. झुंबरबाईंनी क्षणभर डोळे मिटले, मग उघडले. उशीवरून पाठ सुटली तरी त्या ताठ बसल्या.

“सिस्टर,” त्या मला म्हणाल्या, “ती तपासनीची खोली कुठं हाय, ह्याला दाखवा. आत्ताच्या आत्ता.”

तो गुमान माझ्या मागं निघाला. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबला.

“सिस्टर, दोष माझ्यात निघाला तर?”

“तर उपचार करू,” मी म्हटलं. “पण आधी कळू तर दे. सहा वर्षं तुला कुणी विचारलंच नव्हतं.”

त्यानं कठड्याला धरलेला हात सोडला आणि माझ्या आधी जिना उतरायला लागला.